जाळं वर कोणी टांगलं

आमच्या गल्लीत दुपारच्या वेळी बूट घातलेला अनोळखी माणूस आला आणि कुणाच्या पोराविषयी विचारू लागला, की तो पोरीकडचा. असा माणूस आधी पोराच्या घरी जात नाही. दुकानात सुपारी घेतो, धक्क्यावर उभा राहतो, शेजाऱ्यांना विचारतो. पोरगा पितो का, कमावतो का, आई कजाग आहे का. त्याला नावगाव विचारायचं नसतं, विचारलं तर तो अवघडतो. आणि वाईट काही सांगायचं नसतं. शेजारणीशी नळावरून माझं दोन वर्षं बोलणं बंद होतं. तेव्हासुद्धा तिच्या पुतण्याची चौकशी करायला माणूस आला, तर मी सांगितलं, पोरगा सोन्यासारखा आहे. तो पोरगा सकाळी दहाला उठायचा. पण जमत आलेलं लग्न आपल्या तोंडानं मोडू नये. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

या रीतीनं आमचा घात केला, म्हणून ती आधी सांगितली.

मी रेवदंड्याची. चौथीपर्यंत शिकले. नवरा होडीवर होता, तो गेल्यावर अलिबागच्या बाजारात मासळी विकून मी एक मुलगी आणि एक मुलगा वाढवला. मुलगी लग्न होऊन गेली. मुलगा दहावी झाला आणि म्हणाला, होडीवर जाणार नाही. बंदरातल्या एका कंपनीत लागला. क्रेन माल उचलायची, तेव्हा मालाला साखळ्या बांधायच्या आणि वर बसलेल्या क्रेनवाल्याला हातानं खुणा करायच्या, हे त्याचं काम. एके दिवशी साखळी सुटली आणि तिचा आकडा त्याच्या उजव्या खांद्यावर बसला. हाडाचे तुकडे झाले. ऑपरेशन करून आत पट्टी घातली. डॉक्टर म्हणाला, हात राहिला हेच खूप समजा.

कंपनीनं कामगारांचा विमा काढला होता. विमा म्हणजे माणूस मेल्यावर मिळतो तो, एवढंच मला ठाऊक होतं. हा वेगळा होता. माणूस जिवंत आहे पण त्याचं काम गेलं, तर दोन वर्षं दर महिन्याला पगाराचा पाऊण भाग मिळायचा. त्यावर आमचं घर चालत होतं. दर तीन महिन्यांनी डॉक्टरचा कागद आणि एक फॉर्म पाठवावा लागे. फॉर्मात विचारलेलं असे, दुसरं काही काम करून कमावता का. मुलगा तिथं ‘नाही’ लिहायचा. त्यात खोटं आहे असं त्याला वाटलं नाही, मलाही वाटलं नाही.

आता खोटं कसं ते सांगते. पहिले चार महिने मुलगा पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवायचा, पण बोलायचा नाही. आमच्या ओळखीचा एक तांडेल आहे, म्हणजे होडी चालवणारा, माझ्या नवऱ्याबरोबरचा. तो एक फाटकं जाळं घेऊन आला आणि मुलाच्या पुढ्यात टाकून म्हणाला, “बसलास हायस तर एवढं सांध. डोळे तरी हालतील.”

जाळं सांधायला खांदा लागत नाही. जाळं मांडीवर असतं, सुई बोटांत असते, कोपरापासून खालचा हात चालला की झालं. माझ्या मुलाला ते लहानपणापासून येत होतं, आमच्याकडे सगळ्यांनाच येतं. पण आता तो दिवसभर तेच करू लागला. गाठ अशी मारायचा की तांडेल ओढून बघायचा आणि काही न बोलता पुढचं जाळं आणायचा. मग इतर होड्यांची जाळी येऊ लागली. बदल्यात कोणी मासळीचा वाटा आणून द्यायचं, कोणी कधी शे-पाचशे रुपये द्यायचं. त्याला आमच्याकडे कमाई म्हणत नाहीत. जाळी म्हातारी माणसं सांधतात, ज्यांना समुद्रावर जाता येत नाही ती. काम म्हणजे समुद्र, नाहीतर कंपनी, नाहीतर बाजार. मुलानं फॉर्मात ‘नाही’ लिहिलं ते यामुळे.

पडवीच्या वाशाला माझ्या नवऱ्यानं लोखंडी आकडा ठोकलेला आहे, माझ्या डोक्याच्या दीड हात वर. जाळं टांगल्याशिवाय भोकं दिसत नाहीत. मी सकाळी बाजारात जायची, तेव्हा जाळं खाली गोळा होऊन पडलेलं असायचं. दुपारी आले की ते आकड्याला लटकलेलं असायचं आणि मुलगा खाली बसून काम करत असायचा. कोण टांगतं ते मी कधी विचारलं नाही. मनात म्हटलं, हात सुधारतोय. तसं म्हणायला बरं वाटत होतं.

त्याच सुमाराला श्रीवर्धनकडच्या एका मुलीचं स्थळ आलं. लग्नं जमवणाऱ्या बाईनं मला सांगून ठेवलं, “त्यांचा मानूस येऊन गुपचूप बघून जाईल. जरा सांभाळून बोल गं, तुझं तोंड मला म्हाईत हाय.”

म्हणून बूट घातलेला माणूस आला तेव्हा मी तयार होते.

मुलगा त्या दिवशी हाताच्या व्यायामासाठी अलिबागला गेला होता. माणूस चाळिशीचा, सभ्य. पनवेलहून आलो, म्हणाला; असा माणूस खरं गाव सांगत नाही. तुमच्या मुलाविषयी थोडं विचारायचं होतं. मी आतला चांगला कप काढला. त्यानं विचारलं, मुलगा काय करतो. मी म्हटलं, जाळी सांधतो, दहा गावांत असा हात नाही. पैसे किती सुटतात? मी म्हटलं, मोजत नाही, पण कमी पडत नाही. तो वहीत लिहीत होता. मला वाटलं पोरीचा बाप हिशेबी आहे, चांगलं आहे.

मग त्यानं विचारलं, “अपघात झाला होता ना? हात कसा आहे?”

मी म्हटलं, “झाला होता. आता पहिल्यासारखा.”

त्यानं मान वर करून आकड्याला लटकलेलं जाळं पाहिलं. “हे वर कोण टांगतं?”

“तोच,” मी म्हटलं. “दुसरं कोण?”

त्यानं मोबाइलवर जाळ्याचा फोटो काढला. मला बाजूला उभं राहायला सांगितलं, म्हणजे उंची कळेल. मी पदर नीट करून उभी राहिले.

माझ्याआधी तो शेजारणीकडे आणि धक्क्यावर तांडेलाकडे जाऊन आला होता. त्या दोघांनी काय सांगितलं ते मला संध्याकाळी कळलं. शेजारीण खूश होती. “मी म्हटलं, महिन्याला वीस हजार पडतात त्याला नुसत्या जाळ्यांवर. तोंड बघायचं होतंस त्याचं. भराभरा लिवलंन.” तांडेल त्याच्याही पुढे गेला होता. त्यानं सांगितलं होतं की माझ्या होडीत त्या पोराचा चार आण्यांचा, म्हणजे पाव, वाटा आहे.

“चार आने?” मी म्हटलं. “आठ तरी सांगायचेस.”

“आठ सांगितले असते तर खोटं वाटलं असतं,” तांडेल म्हणाला.

आम्ही तिघं हसलो. मुलाला काही सांगितलं नाही. स्थळ पक्कं झाल्याशिवाय पोराला सांगत नाहीत.

तीन आठवड्यांनी पत्र आलं, सही करून घ्यायचं. मुलानं पडवीत उभं राहून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग मला वाचून दाखवलं. विमा कंपनीनं लिहिलं होतं की चौकशीत असं आढळलं आहे की विमेदार जाळी दुरुस्तीच्या धंद्यातून भरपूर कमावतो, एका होडीत भागीदार आहे, त्याचा हात पूर्ण बरा आहे, आणि हे सगळं त्यानं लपवलं. पैसे आजपासून बंद. पंधरा दिवसांत उत्तर द्या, नाहीतर आजवर दिलेलेही परत घेऊ.

मुलगा म्हणाला, “आये, कोण आलं होतं घरी?”

मी सांगितलं.

“नाव नाय विचारलंस?”

“विचारायचं नसतं.”

“पोरीकडच्याला विचारायचं नसतं,” तो म्हणाला. आणि आत गेला.  भांडला असता तर बरं झालं असतं.

शेजारणीला सांगितलं तेव्हा ती ओट्यावर बसूनच राहिली. “मी भलं करायला गेले गं,” एवढंच तिनं तीनदा म्हटलं. नळावरच्या भांडणात तिला शब्द कधी कमी पडला नव्हता.

मुलाचा एक वर्गमित्र अलिबागला वकिलाकडे कामाला आहे. त्यानं सांगितलं, जे खरं आहे ते सगळं लिहून द्या. कुठलं जाळं, कुणाचं, बदल्यात काय मिळालं. आणि ज्यांनी ज्यांनी त्या माणसाला वाढवून सांगितलं, त्यांनी वाढवून सांगितलं होतं असं लिहून सही करायची. आणि आईनं लिहायचं की हात बरा नाही.

मुलानं बसून सगळं लिहून काढलं. मासळीच्या वाट्याची किंमत काय धरायची यावर तांडेलाशी त्याचं बोलणं झालं. तांडेल म्हणाला, “वाटा दिला तो दिला. त्याची किंमत कोन करतो?” तरी त्यानं आठवून सांगितलं, कधी बोंबील, कधी कोळंबी, कधी नुसता कचरा, म्हणजे बारीक मासळी. होडीतला वाटा खोटा होता असं लिहायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, “दिलेला वाटा आता काढून घेऊ म्हनतोस?”

“दिला कुठं होतास?” मी म्हटलं. “नुसता सांगितलास.”

त्यानं सही केली. पण शेजारणीनं पेन हातात धरून मला विचारलं ते खरं होतं. ती म्हणाली, “मी सही करते. पन मंग हे गावभर व्हनार. उद्या खरंच पोरीकडचा मानूस आला तर मी त्याला काय सांगू? पोराचा हात मोडका हाय, आन् तो लोकांच्या मासळीवर जगतो?”

त्या संध्याकाळी लग्नं जमवणारी बाईपण आली. तिच्या कानावर गेलंच होतं. म्हणाली, “थोडं थांब. लग्न होऊ दे, मंग काय लिवायचं ते लिवा. पैसे काय, आज न्हाय उद्या मिळतील. पोरगी मिळनार न्हाय.”

मी विचार केला. पंधरा दिवसांतले सहा गेले होते. माझ्या सहीचा कागद तेवढा राहिला होता. त्यावर मुलानं माझ्या वतीनं लिहिलं होतं की माझ्या मुलाचा उजवा हात छातीच्या वर जात नाही. खाली माझं नाव लिहायचं होतं. मला नाव लिहिता येतं. पण मी तो कागद तांदळाच्या डब्याखाली सरकवला आणि दोन दिवस तसाच ठेवला. मला वाटत होतं, हे एकदा लिहिलं की तसंच राहील. मग हात कधी वर जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना मुलगा म्हणाला, “डब्याखाली मुंग्या लागतील त्याला.”

मी त्याच्या ताटात भात वाढला.

“आये, हात माझा हाय,” तो म्हणाला.

मी जेवण झाल्यावर हात धुऊन सही केली.

कागद पोस्टानं न पाठवता स्वतः नेऊन द्या, असं वर्गमित्रानं सांगितलं होतं. त्यांचं ऑफिस मुंबईत. आम्ही एसटीनं रेवसला गेलो आणि तिथून लाँचनं भाऊच्या धक्क्यावर. त्या धक्क्यावर मी पूर्वी टोपल्या घेऊन उतरायची, मुलगा पोटात होता तेव्हासुद्धा. लाँचमध्ये तो उजवा खांदा भिंतीला लावून बसला. मी म्हटलं, इकडे वाऱ्याला बस की. म्हणाला, इकडे कुणाचा धक्का लागत नाही. घरात भिंतीकडे तोंड करून का बसायचा ते मला तेव्हा थोडं कळलं.

ऑफिसात आम्हाला एका बाईपुढं बसवलं. माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिनं सगळे कागद वाचले, घाई केली नाही. मग मला म्हणाली, “काकू, आमच्या माणसाला तुम्ही सांगितलंत हात पहिल्यासारखा आहे. इथं लिहिलंय हात उठत नाही. मी कुठलं खरं धरू?”

मी म्हटलं, “पहिलं पोरीकडच्याला सांगितलं. हे तुम्हाला सांगतेय.”

तिला काही उलगडेना. मग मी तिला सगळी रीत सांगितली, सुपारीपासून. ती हसली नाही. म्हणाली, माझ्या मावशीनं माझ्याविषयी काय काय सांगितलं होतं ते मला लग्नानंतर कळलं.

पण तिनं फाइलमधून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. आमची पडवी. आकडा, त्याला लटकलेलं जाळं, बाजूला पदर नीट करून उभी असलेली मी. माझ्या डोक्याच्या किती वर तो आकडा आहे ते त्यात चांगलं दिसत होतं.

“हात छातीच्या वर जात नाही,” ती मुलाला म्हणाली, “मग हे जाळं वर कोणी टांगलं?”

मला वाटलं, संपलं. कारण याचं उत्तर माझ्याकडेसुद्धा नव्हतं.

मुलगा खाली बघून म्हणाला, “बांबूनं. बांबूच्या टोकाला खाच केलीय. जाळ्याची दोरी त्यात अडकवायची आणि डाव्या हातानं वर ढकलायची. आई बाजारात गेली की करतो. पहिल्यांदा अर्धा तास लागायचा. आता लवकर होतं.”

“आई घरी असताना का नाही?”

त्यानं टेबलावरचा फोटो तिच्याकडे सरकवला.

बाईनं डॉक्टरचे कागद पुन्हा पाहिले आणि म्हणाली, “हात उचलून दाखवता?”

तो उभा राहिला. उजवा हात त्यानं पुढं उचलला. पोटापर्यंत सहज आला. छातीपाशी आला तेव्हा थरथरू लागला, आणि तिथंच थांबला. मान वाकडी झाली, दात आवळले गेले. घरी तो सदरा घालायचा तो खोलीचं दार लावून. दीड वर्ष मी त्याच्या ताटात वाढत होते आणि हा हात कुठवर उठतो ते मला परक्या बाईच्या ऑफिसात कळलं. आणि मीच त्या माणसाला म्हटलं होतं, तोच टांगतो, दुसरं कोण.

“बस, पुरे,” बाई म्हणाली.

मग तिनं जे सांगितलं ते ऐकून आमचंच डोकं जड झालं. ती म्हणाली, जखमेनंतर दुसरं हलकं काम करायला मनाई नाहीच. या विम्यात तसं लिहिलेलं आहे. कळवायचं, कमाई किती ते दाखवायचं, तेवढी वजा करून बाकीचे पैसे मिळत राहतात. काम केलं याला आमची हरकत नव्हती, ‘नाही’ लिहिलं याला आहे.

मुलगा म्हणाला, “मॅडम, हे काम आहे असं मला वाटलंच नव्हतं. आमच्याकडे म्हातारे करतात.”

ती म्हणाली, “दिवसाचे किती तास बसता?”

“सात. कधी आठ.”

“मग काय म्हणायचं त्याला?” असं म्हणून तिनं एक नवा फॉर्म काढला, आणि जिथं सध्याचा व्यवसाय लिहायचा तिथं त्याच्यासमोर लिहिलं, मासेमारीची जाळी दुरुस्त करणे. मुलानं तो कागद आपल्याकडे फिरवून घेतला आणि वाचला. मग सही केली. बाकी वर विचारून कळवते, असं ती म्हणाली. खात्री दिली नाही.

येताना लाँचमध्ये मी त्याला विचारलं, “माझ्यासमोर का नाय टांगलंस?”

“तू बाजारात सांगत फिरायचीस हात सुधारतोय,” तो म्हणाला. “मंग तुझ्यासमोर बांबू कुठं घेऊ?”

हे खरं होतं. 

दोन महिने काही आलं नाही. ते दिवस वाईट गेले, मी मुलीकडून तांदूळ आणले. मग पत्र आलं. मागच्या महिन्यांत जाळ्यांवर मिळालं तेवढं ते हप्त्यानं कापून घेणार होते, बाकी चालू. इथून पुढं दर तीन महिन्यांनी मुलानं काय काम केलं ते लिहून द्यायचं. चुकलं तर पुन्हा ऐकून घेणार नाहीत असंही लिहिलं होतं. मुलगा आता जाळ्याचा दर ठरवून घेतो. मासळी दिली तरी घेतो, पण लिहून ठेवतो. तांडेल कुरकुरतो, पण देतो.

त्यानंतर एका दुपारी गल्लीत पुन्हा बूट घातलेला माणूस आला. शेजारणीनं त्याला काही सांगितलं नाही. “त्याच्या आयेलाच विचारा,” म्हणाली आणि दार लोटून घेतलं. तो माझ्या पडवीत आला. मी त्याला बसायला सांगितलं आणि पहिल्यांदा विचारलं, “तुम्ही विम्याचे का पोरीकडचे?”

तो गोंधळला. श्रीवर्धनहून आलो, म्हणाला. मुलीचा काका.

मी चहा केला. मग सगळं सांगितलं. उजवा हात छातीच्या वर जात नाही, जाणारही नाही. जाळ्यांवर एवढे मिळतात, विम्याचे एवढे येतात, तेही एवढेच महिने राहिलेत. होडीत वाटा नाही. दारू पीत नाही, हे खरं आहे. मुलगा बाजूलाच जाळं घेऊन बसला होता. मला वाटलं तो उठून आत जाईल. गेला नाही. काकांनी चहा संपवला, जाळ्याची गाठ बोटानं चाचपून पाहिली, आणि निघाले. कळवतो, म्हणाले. त्याला बरेच दिवस झाले. कळवलं नाही. न कळवणं म्हणजे काय ते मला कळतं, मुलालाही कळतं.

तो माणूस गल्लीच्या वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा मी कप उचलत होते. मुलानं मांडीवरचं जाळं उलगडलं. मोठं होतं, ओलं होतं. बांबू त्याच्या मागेच भिंतीला टेकून ठेवलेला होता.

“आये,” तो म्हणाला, “हे वर अडकव.”

मी कप खाली ठेवले, स्टूल आणलं, आणि त्यावर चढून जाळं आकड्याला टांगलं.